क्लॅम्प ऑन! छातीतल्या महाधमनीवर पहिल्यांदा हात घालणाऱ्यांची गोष्ट

पंपवाला (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. गेली सत्तावीस वर्षं मी परफ्युजनिस्ट म्हणून काम करतोय, म्हणजे ओपन हार्ट ऑपरेशनच्या वेळी हृदय आणि फुप्फुसं थांबवून त्यांचं काम ज्या मशीनवर घेतात ते चालवणारा माणूस. थिएटरात आम्हाला सगळे पंपवालेच म्हणतात म्हणून आयडी पण तोच घेतला.

मागच्या आठवड्यात एक केस होती, छातीतली महाधमनी फुगलेला माणूस. सर्जन म्हणाले "क्लॅम्प ऑन", म्हणजे रक्त थांबवायला महाधमनीला चिमटा लावला, मी घड्याळाकडे बघून "क्लॅम्प ऑन, दहा चाळीस" असं परत बोलून कागदावर लिहिलं, ही आमची रोजची पद्धत. सोबत एक शिकाऊ मुलगी होती, तिने केस संपल्यावर हात धुताना विचारलं, सर, ही एवढी मोठी नळी चिमट्यात धरायची हिंमत पहिल्यांदा कोणाला झाली असेल हो? मला नीट उत्तर देता आलं नाही आणि ते फार लागलं मनाला. इतकी वर्षं ज्या मिनिटांची नोंद करतोय ती मिनिटं कोणी, कशी मिळवली हे मलाच धड माहीत नव्हतं. मग जुनी पुस्तकं काढली, रात्री बसून वाचली, ते इथे लिहितोय. डॉक्टर मंडळींनी चुका सुधाराव्यात.

आधी महाधमनी म्हणजे काय ते थोडक्यात. हृदयातून निघून वर जाते, छत्रीच्या मुठीसारखी वळते आणि पाठीच्या कण्याला धरून खाली पोटात उतरते. वर जाणारा भाग, मग कमान, मग खाली उतरणारा भाग. अंगठ्याहून जाड नळी, मिनिटाला साधारण पाच लिटर रक्त. कमानीतून मेंदूच्या आणि हातांच्या फांद्या निघतात, खालच्या भागातून मणक्यातल्या मज्जारज्जूला जाणाऱ्या बारीक फांद्या. हे ध्यानात ठेवा, पुढची सगळी गोष्ट ह्या फांद्यांचीच आहे.

हिचे आजार जुन्या लोकांना माहीत होते. इंग्लंडचा राजा दुसरा जॉर्ज १७६० च्या ऑक्टोबरात सकाळी शौचाला गेला असताना कोसळून गेला, त्याच्या वैद्याने, फ्रँक निकोल्सने, शवविच्छेदन केलं तर हृदयाभोवतीच्या पिशवीत रक्त गच्च भरलेलं आणि महाधमनीच्या आतल्या बाजूला आडवी चीर. आज आपण ज्याला डिसेक्शन म्हणतो, म्हणजे प्लायवूडचे पदर सुटावेत तशी भिंत आतून उकलत जाते, त्याचं हे फार जुनं आणि फार स्वच्छ वर्णन. पण बघून लिहिण्यापलीकडे कोणाच्या हातात काही नव्हतं.

एकोणिसाव्या शतकात फुगा आलेली महाधमनी म्हणजे बहुतेक वेळा सिफिलिसने पोखरलेली. फुगा बरगड्या खात खात बाहेर येई, छातीवर कातडीखाली धडधडताना दिसे, आणि सगळ्यांना माहीत असे की तो एक दिवस फुटणार. १८६४ साली लंडनमध्ये चार्ल्स मूर नावाच्या सर्जनने अशा एका माणसाच्या फुग्यात बारीक नळी घालून २६ यार्ड लोखंडी तार आत सोडली. कल्पना अशी की तारेभोवती रक्त गोठेल आणि फुगा आतून भरून येईल. रक्त गोठलं पण जंतुसंसर्ग होऊन रुग्ण थोड्याच दिवसांत गेला. आज वाचताना अंगावर काटा येतो, पण ह्या तारेत पुढे इटलीत कोराडीने विजेचा प्रवाह सोडला आणि थोड्याफार बदलाने हे तारेचं प्रकरण पार १९४० पर्यंत चालू होतं, कारण दुसरं काही नव्हतंच. १९०२ मध्ये पॅरिसला त्युफिएने वर जाणाऱ्या महाधमनीच्या फुग्याचं तोंड दोऱ्याने बांधून बघितलं, तोही रुग्ण वाचला नाही.

दोन अडचणी होत्या. एक, रक्तवाहिनी शिवायची कशी. दोन, शिवत असताना खालच्या शरीराचं काय करायचं. पहिलीचं उत्तर लवकर मिळालं. दुसरीचं अजून मिळवतोय आपण.

जेवून येतो, पुढचं प्रतिसादात लिहितो.

---

वाचनवेडी

वाचनखूण साठवली आहे. पंपवाले दादा, लवकर जेवा :) रक्तवाहिनी शिवण्याबद्दल मी कुठेतरी वाचलं होतं की एका फ्रेंच डॉक्टरने भरतकाम करणाऱ्या बाईकडून धडे घेतले होते, ते खरं आहे का?

---

पंपवाला

हो ताई, खरं आहे आणि मला ती गोष्ट फार आवडते. १८९४ च्या जूनमध्ये फ्रान्सचे अध्यक्ष सादी कार्नो यांच्यावर लिआँ शहरात सुरीहल्ला झाला, पोटातली मोठी शीर फाटली आणि शिवता येत नाही म्हणून रक्तस्राव होऊन गेले. तिथेच अलेक्सी कॅरेल नावाचा तरुण वैद्यकाचं शिक्षण घेत होता, त्याच्या डोक्यात हे बसलं की कापड शिवता येतं तर शीर का नाही. लिआँ म्हणजे रेशमाचं शहर. तिथल्या मादाम लरुदिए नावाच्या भरतकामात निष्णात बाईंकडे तो बारीक सुया आणि रेशमी दोरा हाताळायला शिकला. १९०२ साली त्याने पद्धत छापली. गोल तोंडाला तीन ठिकाणी टाका घेऊन ओढून धरायचं की गोलाचा त्रिकोण होतो, मग तीन सरळ बाजू शिवायच्या. शिवणकाम करणाऱ्या कोणालाही हे लगेच कळेल. ह्यासाठी आणि अवयव जोडण्याच्या प्रयोगांसाठी १९१२ चं नोबेल मिळालं. (पुढे माणसांच्या वंशाबद्दल त्याने जे लिहिलं ते वाईट होतं, ते इथे झाकायचं नाही मला.)

महत्त्वाचं म्हणजे १९१० मध्येच कॅरेलने छातीतल्या महाधमनीवर कुत्र्यांवर केलेले प्रयोग छापले. शिवणं जमतंय, पण रक्त थांबवल्यावर मज्जारज्जू आणि हृदयाला मार बसतो हे त्याला तेव्हाच दिसलं होतं. म्हणजे शिवणकला १९०२ ची, आणि माणसाच्या छातीतली महाधमनी कापून परत जोडायला १९४४ उजाडलं. मधली बेचाळीस वर्षं काय अडलं होतं? सुई-दोरा नाही. वेळ अडली होती. किती मिनिटं बंद ठेवली तर माणूस जगेल हे कोणालाच माहीत नव्हतं.

---

डॉ_वैदर्भीय

उत्तम धागा. एक भर घालतो. छाती उघडणं हेच मुळात १९३० पर्यंत मोठं संकट होतं. छाती उघडली की हवा आत जाते आणि फुप्फुस फुग्यातली हवा जावी तसं मिटतं. श्वासनळीत नळी घालून दाबाने श्वास देणं रुळलं तेव्हा कुठे सर्जनला आत निवांत हात घालता आला. आणि ज्या क्राफोर्डचं नाव आता पंपवाले घेणार आहेत तो ह्या यांत्रिक श्वासाचा सुरुवातीपासूनचा पुरस्कर्ता होता.

---

पंपवाला

धन्यवाद डॉक्टरसाहेब, बरोबर नाव ओळखलंत.

क्लॅरेन्स क्राफोर्ड, स्टॉकहोम. लहान मुलांमध्ये हृदयाजवळची एक नळी जन्मानंतर बंद व्हायला हवी ती कधीकधी उघडीच राहते, ती बांधायची ऑपरेशनं तो करत असे. अशाच एका केसमध्ये रक्तस्राव सुरू झाला आणि नाइलाजाने त्याला महाधमनीलाच वरून खालून चिमटे लावावे लागले, जवळपास अर्धा तास. सगळे धास्तावलेले. पण मूल उठलं आणि काहीही झालेलं नव्हतं! म्हणजे मेंदूच्या फांद्या चालू राहिल्या तर खालचं शरीर काही वेळ कळ काढतं. हे ज्ञान ठरवून केलेल्या प्रयोगातून आलं नाही, एका अपघातात घाबरलेल्या हातांनी लावलेल्या चिमट्यातून आलं, आणि त्या माणसाने ते वाया जाऊ दिलं नाही.

१९ ऑक्टोबर १९४४ ला त्याने कोअर्क्टेशन असलेल्या एका मुलावर ऑपरेशन केलं. कोअर्क्टेशन म्हणजे कमान संपते तिथे महाधमनी जन्मतःच आवळलेली असते, जसा पाइपला पीळ बसावा. वर बीपी भयंकर, खाली पायात नाडी लागत नाही. आवळलेला तुकडा कापला, दोन तोंडं कॅरेलसारखी जोडली. मुलगा जगला. बाराच दिवसांनी दुसरी केस, २७ वर्षांचा शेतकरी, तोही जगला.

आता बघा, कोअर्क्टेशनच आधी का जमलं? पाटाला बांध पडला की पाणी सऱ्यांतून, बांधाच्या कडेने वाट काढतं ना, तसं इथे जन्मापासून रक्ताने बरगड्यांखालच्या धमन्यांतून आडवाट केलेली असते. त्या धमन्या इतक्या जाड होतात की एक्स-रेत बरगड्यांच्या खालच्या कडेला खाचा पडलेल्या दिसतात. त्यामुळे मुख्य पाट अर्धा तास बंद केला तरी मज्जारज्जूला पाणी मिळत राहतं. फुग्याच्या रुग्णाला अशी आडवाट नसते. म्हणून त्याला आणखी काही वर्षं थांबावं लागलं.

तिकडे बॉस्टनमध्ये रॉबर्ट ग्रॉस स्वतंत्रपणे कुत्र्यांवर हेच करत होता. त्याचा पहिला रुग्ण, पाच वर्षांचा मुलगा, २८ जून १९४५. जोडकाम छान झालं, चिमटे काढले, आणि मूल टेबलावरच दगावलं. ग्रॉसने विचार केला की एकदम चिमटा सोडल्यावर खालच्या रिकाम्या शरीरात रक्त धाडकन उतरलं, बीपी पडलं, हृदयाला झेपलं नाही. आठच दिवसांनी, ६ जुलैला, बारा वर्षांच्या मुलीवर तेच ऑपरेशन केलं आणि ह्यावेळी चिमटा कितीतरी मिनिटं घेऊन हळूहळू सैल केला. मुलगी वाचली.

मंडळी, हे वाचताना मी पुस्तक मिटून बसलो थोडा वेळ. कारण आमच्याकडे आजही सर्जन चिमटा काढायच्या आधी भूलतज्ज्ञांना विचारतात, "काढू का?", ते रक्त-सलाइन चढवून प्रेशर वर नेतात, "हां, हळूहळू" म्हणतात, आणि मग चिमट्याचा एक एक दात सुटल्याचा आवाज येतो, टिक... टिक... मध्ये थांबत. मी हजार वेळा ऐकलाय तो आवाज. तो त्या पाच वर्षांच्या मुलामुळे आहे हे मला ह्या आठवड्यात कळलं.

---

कोल्हापूरची_मनू

काय लिहू कळत नाही. माझ्या थोरल्या ताईचं कोअर्क्टेशनचं ऑपरेशन झालंय १९७९ ला, ती नऊ वर्षांची होती. खेळताना पाय दुखतात म्हणायची, डोकं दुखायचं, गावातल्या एका दवाखान्यात दोन वर्षं वाढीचं दुखणं म्हणून गोळ्या दिल्या. मग शाळेच्या तपासणीला आलेल्या एका डॉक्टरीणबाईंनी हाताची नाडी बघितली आणि मग जांघेत बोटं ठेवून बराच वेळ नाडी शोधत राहिल्या, आई म्हणते की त्यांचा चेहरा बदललेला मला आठवतोय. लगेच मुंबईला न्या म्हणाल्या. वडिलांनी म्हैस विकली तेव्हा. ताईच्या डाव्या खांद्याच्या पात्याखालून पुढे काखेपर्यंत व्रण आहे, लहानपणी मी त्याला ताईचा पट्टा म्हणायचे. आज तिला नातू आहे. बीपीची गोळी चालू आहे आणि दरवर्षी तपासणी.

---

डॉ_वैदर्भीय

मनूताई, त्या डॉक्टरीणबाईंना नमस्कार. अजूनही लहान मुलाचं बीपी जास्त आढळलं की जांघेतली नाडी बघा हे आम्ही विद्यार्थ्यांना पहिल्या वर्षापासून घोकून घेतो आणि तरीही राहून जातं. ताईंची दरवर्षीची तपासणी अजिबात चुकवू नका, जोडाच्या जागी पुन्हा आवळणं किंवा फुगणं कितीही वर्षांनी होऊ शकतं, आणि बीपी तर राहतंच बऱ्याच जणांना.

---

धागेदोरे_इचलकरंजी

मी यंत्रमागवाला माणूस, मेडिकलचं काही कळत नाही. पण महाधमनीला कापडाची नळी बसवतात असं ऐकलंय, ते कापड कोणतं, विणतात कसं? कोणी सांगेल का?

---

पंपवाला

दादा, तुमच्या प्रश्नाची वाटच बघत होतो, हा भाग तुमचाच आहे.

कोअर्क्टेशनमध्ये तुकडा छोटा असतो, दोन टोकं ओढून जुळतात. फुगा कापला तर मध्ये वीतभर जागा रिकामी. तिथे काय बसवणार? सुरुवातीला मेलेल्या माणसाची महाधमनी. ग्रॉसने १९४८ मध्ये अशा जतन केलेल्या धमन्या माणसांत वापरल्या. १९५१ मध्ये पॅरिसला द्युबोस्तने पोटातला फुगा कापून असा तुकडा बसवला, आणि त्याच सुमारास डेट्रॉइटला कॉनराड लॅमने छातीतल्या फुग्यासाठी तेच केलं. मग ह्यूस्टनमध्ये मायकेल डिबेकी आणि डेंटन कूली, ५ जानेवारी १९५३, छातीतल्या खाली उतरणाऱ्या महाधमनीचा फुगा कापून मृत माणसाची धमनी जोडली, रुग्ण बरा झाला. पण अशा धमन्या मिळणार किती, मापाच्या मिळणार किती, आणि काही वर्षांत त्या चुन्यासारख्या कडक व्हायच्या नाहीतर परत फुगायच्या.

कापडाची कल्पना न्यूयॉर्कच्या आर्थर वूऱ्हीसची. १९४७ साली एका कुत्र्याच्या हृदयात चुकून राहिलेला रेशमी टाका त्याला नंतर दिसला, त्याच्यावर गुळगुळीत चकाकणारा पातळ थर आलेला. त्याला वाटलं, एका धाग्यावर येतो तर धाग्यांच्या कापडावर पण येईल. व्हिन्यॉन नावाच्या कृत्रिम कापडाच्या नळ्या शिवून कुत्र्यांत बसवल्या आणि १९५२ मध्ये छापलं.

डिबेकीला हे पटलं, तो ह्यूस्टनमधल्या फोलीज नावाच्या मोठ्या दुकानात नायलॉन आणायला गेला, नायलॉन संपलेलं, दुकानदार म्हणाला हे नवीन आलंय, डेक्रॉन म्हणतात. एक वार कापड घेतलं आणि घरी बायकोच्या शिलाई मशीनवर स्वतः नळ्या शिवल्या. लहानपणी आईने त्याला शिवण शिकवलेलं. डेक्रॉन म्हणजे आपलं टेरिलीनच हो, आपल्या वडिलांच्या पिढीचे शर्ट ज्याचे असायचे तेच पॉलिएस्टर. आणि नशीब बघा, नायलॉन शरीरात काही काळाने कमजोर होतं हे पुढे कळलं, डेक्रॉन टिकतं. तो त्या दिवशी नायलॉन घेऊन आला असता तर किती वर्षं वाया गेली असती कोण जाणे.

---

धागेदोरे_इचलकरंजी

अहो काय सांगता! टेरिलीन! अंगावर शहारा आला खरंच. आता माझा पुढचा प्रश्न, नळी वाकवली की मधे दुमडणार, पाइप मुडपतो तशी. आणि विणकाम सैल असेल तर रक्त झिरपणार, घट्ट असेल तर कडक होणार आणि कापलेल्या कडेला धागे सुटणार. ह्याचं काय करतात?

---

पंपवाला

दादा, हेच प्रश्न त्या लोकांना पडले होते, हुबेहूब! मुडपण्यावर उत्तर काढलं अलाबामाच्या स्टर्लिंग एडवर्ड्सने, १९५५ च्या सुमारास त्याने जेम्स टॅप ह्या रसायनतज्ज्ञाबरोबर नळीला आडव्या चुण्या पाडल्या, अ‍ॅकॉर्डियनच्या भात्यासारख्या. वाकवली तरी पोकळ राहते. आजच्या ग्राफ्टलाही, म्हणजे ह्या बसवायच्या नळीलाही, त्या चुण्या आहेत, बोटांनी ताणून सोडली की परत जवळ येते. डिबेकीने मग फिलाडेल्फियाच्या टेक्स्टाइल कॉलेजातल्या थॉमस एडमनला गाठलं आणि शिवण नसलेल्या, फांद्यांच्या नळ्या विणणारं मशीन बनवून घेतलं.

सैल की घट्ट हे तुम्ही म्हणता तसंच. मोज्यासारखी विणलेली मऊ असते, शिवायला गोड, पण झिरपते आणि वर्षानुवर्षांनी सैलावते. मागावर विणलेली घट्ट, कमी झिरपते, पण सुईला कडक लागते आणि कडेला धागे सुटतात. छातीतल्या ऑपरेशनात रक्त पातळ करायचं औषध दिलेलं असतं म्हणून तिथे घट्टच वापरायचे. आणि झिरपू नये म्हणून बसवायच्या आधी रुग्णाचंच थोडं रक्त काढून त्यात नळी भिजवायची, धाग्यांच्या भोकांत रक्त गोठून ती बंद होतात. मी नवीन होतो तेव्हा आमच्या थिएटरच्या एक वयस्क सिस्टर होत्या, त्या स्टीलच्या वाटीत नळी घेऊन बोटांनी चोळून चोळून रक्त भरायच्या, पुरणाचं पीठ तेलात मळावं तितक्या निगुतीने. औषध द्यायच्या आधी हे उरकावं लागतं, एकदा रक्त पातळ झालं की गोठणार कसं? सिस्टर ओरडायच्या, "अजून देऊ नका, माझी नळी व्हायचीय." आता कोलॅजन किंवा जिलेटिन लावलेल्या तयार नळ्या येतात, ते काम गेलं.

---

धागेदोरे_इचलकरंजी

उद्या मागावर बसणाऱ्या पोरांना वाचून दाखवणार हे. ते दिवसभर पॉलिएस्टरच विणतात.

---

ह्यूस्टनकर

मूळचा साताऱ्याचा, सध्या ह्यूस्टनमध्ये. ज्या मेडिकल सेंटरमध्ये हे सगळं घडलं तिथून रोज ट्रेनने जातो. डिबेकींबद्दल एक गोष्ट राहिली. ७ जुलै १९५४ ला त्यांनी डिसेक्शनचं पहिलं यशस्वी ऑपरेशन केलं, तेच दुखणं ज्याने राजा जॉर्ज गेला, आणि पुढे त्याचे प्रकार पाडले, पहिला, दुसरा, तिसरा, जे आजही डिबेकीच्या नावाने ओळखतात. ३१ डिसेंबर २००५ ला, वयाच्या ९७ व्या वर्षी, त्यांच्याच छातीत तसं दुखणं सुरू झालं, आणि त्यांनी स्वतःच ओळखलं की हे काय आहे. सुरुवातीला ऑपरेशन नको म्हणाले. फेब्रुवारीत तब्येत फारच ढासळली, एवढ्या वयाच्या माणसाला टेबलावर घ्यावं का ह्यावर हॉस्पिटलात मोठी चर्चा झाली, एथिक्स कमिटी बसली, आणि शेवटी कित्येक वर्षं सोबत काम केलेल्या जॉर्ज नून यांनी ऑपरेशन केलं. डेक्रॉनची नळी बसवली. कित्येक महिने लागले पण उठले आणि परत कामाला जायला लागले. जुलै २००८ मध्ये गेले, शंभरीला दोनेक महिने कमी.

कूली आणि त्यांचं चाळीस वर्षांचं वैर पण आहे, त्यावर लिहू का?

---

पंपवाला

वैराचा वेगळा धागा काढा दादा, नक्की वाचू. पण एक सांगतो. डिबेकीने विद्यार्थी असताना, १९३० च्या दशकात, रक्त चढवण्यासाठी एक पंप केला होता, मऊ नळी आणि तिच्यावर फिरणारे रूळ, उसाच्या चरकासारखं रक्त पुढे ढकलायचं पण रक्ताला लोखंडाचा स्पर्श नाही. पुढे जॉन गिबन ह्या अमेरिकन सर्जनने हार्ट-लंग मशीन बनवलं, ज्यावर ६ मे १९५३ ला फिलाडेल्फियात पहिलं यशस्वी ऑपरेशन झालं, त्यात तोच रुळांचा पंप. आणि माझ्या मशीनवरही रोज तेच रूळ फिरतात. म्हणजे ह्या माणसाचा एक हात माझ्या हातात आहे म्हणा ना.

ह्या मशीनमुळेच पुढची मिनिटं मिळाली. १९५६ मध्ये कूली आणि डिबेकीने वर जाणारी महाधमनी मशीनवर घेऊन बदलली. मग राहिली कमान, सगळ्यात अवघड, कारण तिथून मेंदूच्या फांद्या, आणि मेंदूला चार-पाच मिनिटं रक्त नाही मिळालं की संपलं. मशीन नसताना तात्पुरत्या नळ्या जोडून प्रयत्न झाले, १९५५ मध्ये ह्यूस्टनलाच एक झाला, रुग्ण काही दिवसांत गेला. २१ मार्च १९५७ ला डिबेकीच्या टीमने मेंदूच्या धमन्यांना पंपाने वेगळं रक्त देत कमान बदलली आणि रुग्ण जगला. पण ते इतकं किचकट होतं की फार थोड्यांना जमलं. १९७५ मध्ये स्टॅनफर्डच्या रँडल ग्रीपने चार केसेस छापल्या, शरीर खूप थंड करायचं आणि मग रक्ताभिसरण पूर्ण बंद. थंड मेंदूची भूक कमी असते. त्याच्या आधी काहींनी हे करून पाहिलं होतं, पण त्याच्यापासून रुळलं.

हे मी करतो म्हणून सांगतो. रुग्ण अठरा-वीस डिग्रीपर्यंत थंड करायला अर्धा पाऊण तास लागतो, डोक्याभोवती बर्फाच्या पिशव्या, सगळे शांत. मग सर्जन म्हणतात "पंप ऑफ", आणि मी स्वतःच्या हाताने पंप बंद करतो. मॉनिटरवरच्या सगळ्या रेघा सरळ. रुळांचा घर्रर्र आवाज थांबला की थिएटर इतकं शांत होतं की सुईधारकाची टिकटिक ऐकू येते. मी दर पाच मिनिटांनी मोठ्याने वेळ सांगतो. इतकी वर्षं झाली तरी "पंप ऑन" ऐकेपर्यंत घशाला कोरड असते.

---

नदीकाठ

मज्जारज्जूचं उत्तर अजून मिळालं नाही असं म्हणालात ते काय? विचारायचं कारण, माझ्या काकांना अशाच ऑपरेशननंतर पाय उचलता आले नाहीत. आम्हाला वाटत राहिलं की काहीतरी चूक झाली.

---

डॉ_वैदर्भीय

तुमच्या काकांच्या केसबद्दल कागद न बघता बोलणं बरोबर नाही, पण हा धोका चूक न होताही असतो हे सांगायलाच हवं. मज्जारज्जूच्या खालच्या भागाला बहुतेक लोकांत एकच मोठी धमनी पुरवठा करते, अ‍ॅडमकिविझ नावाच्या शास्त्रज्ञाने १८८२ मध्ये वर्णन केलेली. ती पाठीच्या खालच्या मणक्यांपाशी, बहुधा डावीकडून, महाधमनीच्या फांदीतून येते, प्रत्येकात थोड्या वेगळ्या ठिकाणी. फुगा नेमका तिथे असला आणि क्लॅम्प लांबला तर पाय जाऊ शकतात. कॅरेलने १९१० मध्ये जे पाहिलं तेच. उपाय शोधत आलेत लोक. कूली वगैरेंनी १९५७ मध्ये हृदयाच्या डाव्या बाजूने रक्त काढून मांडीच्या धमनीतून खाली देणं सुरू केलं. १९६२ मध्ये ब्लेसडेल आणि कूलीने कुत्र्यांवर दाखवलं की मणक्यातलं पाणी काढून दाब कमी केला तर रज्जूला रक्त जास्त पोचतं, ते आज सगळीकडे करतात. ह्यूस्टनच्या स्टॅनली क्रॉफर्डने (स्टॉकहोमचा क्राफोर्ड वेगळा) फांद्या परत नळीला जोडायची पद्धत बसवली. धोका बराच कमी झाला, शून्य नाही झाला.

---

पंपवाला

नदीकाठ, काकांबद्दल वाचून वाईट वाटलं. थिएटरमधले लोक हे विसरत नाहीत एवढं खात्रीने सांगतो. अशा केसनंतर संध्याकाळी घरी जायच्या आधी मी आयसीयूत जातोच. रुग्ण जागा होत असतो, तोंडात नळी, बोलता येत नाही, सिस्टर कानाशी जाऊन म्हणतात "बाबा, पायाची बोटं हलवा". पलंगाच्या पायथ्याशी चारपाच जण चादरीकडे बघत उभे असतात, सर्जनसुद्धा.

---

परळकर

केईएमला शिकलो, म्हणून एक भर. आपल्याकडे महाधमनीचा एक वेगळाच आजार जास्त, तरुण मुलींमध्ये भिंत सुजून जाड होते आणि लांबलचक पट्टा आवळतो, ताकायासु म्हणतात. परळला डॉ. पी. के. सेन, डॉ. किनरे, डॉ. परुळकर ह्यांच्या गटाने ह्यावर मूलभूत काम केलं. छाती आणि पोटाच्या मधली महाधमनी आवळण्याला 'मिडल एओर्टिक सिंड्रोम' हे नाव ह्याच मंडळींच्या १९६३ च्या ब्रिटिश हार्ट जर्नलमधल्या लेखाने रूढ केलं, आज जगभर तेच म्हणतात. आवळलेला भाग एवढा लांब की कापून जोडणं शक्य नाही, म्हणून बाजूने नळी टाकून रक्त खाली न्यायचं. सेन म्हणजे तेच ज्यांनी फेब्रुवारी १९६८ मध्ये, केपटाउनच्या पहिल्या प्रयत्नानंतर तीनच महिन्यांच्या आत, केईएमला हृदयरोपण केलं. शिकताना आम्हाला सक्त सांगितलेलं, तरुण मुलीचं बीपी दोन्ही हातांत बघा, पायातही बघा.

---

पंपवाला

परळकर, हे नाव आपल्या मुंबईतून गेलं हे मला ठाऊकच नव्हतं! मनापासून आभार.

आज सकाळी त्या शिकाऊ मुलीला हा धागा दाखवला. चहा गार होईपर्यंत वाचत बसली. मग म्हणाली, सर, ग्रॉसच्या त्या पहिल्या मुलाचं नाव कुठे सापडलं का? मी म्हटलं नाही, फक्त वय आणि तारीख. दुपारी केस होती. तिला म्हटलं आज वेळ तू सांग. "क्लॅम्प ऑन, बारा वाजून अठरा", आवाज थोडा कापला तिचा. एकोणचाळीस मिनिटं. चिमटा सुटताना ती मॉनिटरकडे न बघता सर्जनच्या हाताकडे बघत होती, एक एक दात मोजत.

---

कोल्हापूरची_मनू

ताईला फोनवर वाचून दाखवलं सगळं. १९ ऑक्टोबर १९४४ ही तारीख तिने परत विचारून कॅलेंडरच्या मागे लिहून घेतली.